पाचवा मुद्दा

डॉक्टरची चूक झाली तर आरडाओरड होते, इंजिनियरची झाली तर पूल पडतो. शिक्षकाची चूक झाली तर मुलं ती वहीत उतरवून घेतात, खाली पट्टीने रेघ मारतात आणि पाठ करतात. मी नागपूरच्या एका कॉलेजात सव्वीस वर्षं इंग्रजी साहित्य शिकवलं. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा अमेरिकन साहित्याचा पेपर कायम माझ्याकडे असायचा. दिवाळी अंकात नोकरीच्या आठवणी लिहिणार म्हटल्यावर घरच्यांना वाटलं, मी गॅदरिंगच्या आणि सहलींच्या गमती सांगेन. त्या आहेत पुष्कळ, पण त्या मला झोपेतून उठवत नाहीत. उठवते ती एकच गोष्ट, आणि तीच लिहिते आहे.

आधी माझा धंदा सांगते, कारण तो माझ्या माहेरीसुद्धा कोणाला नीट कळला नाही. आम्ही उमरेडचे, हातमागावरचे. माझे बाबा चाळीस वर्षं मागावर बसले. मी प्राध्यापक झाले तेव्हा आत्याने विचारलं, "काय शिकवतं वं तू?" म्हटलं, अमेरिकेचं साहित्य. "अमेरिकेले गेली होती का कधी?" नाही म्हटलं. "मंग शिकवतं कशी?" याचं समाधानकारक उत्तर मला निवृत्त होईपर्यंत सापडलं नाही.

पेपरातला मोठा भाग होता तिथल्या रोमँटिक चळवळीचा. नाव ऐकून पहिल्या दिवशी मागच्या बाकांवर खुसखुस चालायची. दुसऱ्या दिवसापासून बंद व्हायची, कारण त्यात नायक-नायिका कमी आणि झाडं फार. गोष्ट अशी की अमेरिका इंग्लंडपासून स्वतंत्र झाली, तरी पुढची कितीतरी वर्षं तिथले लोक पुस्तकं इंग्लंडचीच वाचत आणि लिहायचं झालं तरी इंग्लंडसारखंच लिहीत. चूल वेगळी मांडली, पण मसाला सासूच्याच डब्यातला. मग एकोणिसाव्या शतकाची वीसेक वर्षं सरल्यावर काही लेखक पुढे आले. ते म्हणाले, आपला देश अफाट आहे, जंगलं आहेत, नद्या आहेत, मग उसनं कशाला गायचं? त्यांच्या आधीचा जमाना तर्काचा आणि कडक धर्माचा होता. यांनी सांगितलं, पुस्तकात लिहिलंय म्हणून मानू नका, दहा जण म्हणतात म्हणून मानू नका, एकटे बसा आणि आपल्या आत काय वाजतं ते ऐका. त्याच चळवळीत दुसरीही माणसं होती, काळोख्या मनाची. ती लिहीत, वरून इस्त्रीतल्या सभ्य माणसाने एक पाप लपवलेलं असतं आणि ते त्याला आतून वाळवीसारखं खातं. आणि हे सगळं चालू असताना त्या देशात मूळच्या लोकांना त्यांच्या जमिनीवरून हाकलणं चालू होतं, दक्षिणेत कापसाच्या शेतांवर माणसं गुलाम म्हणून राबत होती, आणि तो कापूस उत्तरेच्या आणि विलायतेच्या गिरण्यांत जात होता. विणकराच्या पोरीला हा भाग चांगला समजायचा.

आता मुख्य गोष्ट. "आपल्या आत काय वाजतं ते ऐका," ही शिकवण मी सव्वीस वर्षं मुलांना नोट्स सांगून लिहून घ्यायला लावली. एक वाक्य सांगायचं, थांबायचं, "झालं का लिहून?" विचारायचं, पुढचं वाक्य. यातला विनोद माझ्या लक्षात यायला फार उशीर झाला.

पहिल्या वर्षी माझी नेमणूक सत्र सुरू झाल्यावर झाली आणि हा पेपर आठवड्याभरात माझ्या गळ्यात पडला. माझा स्वतःचा अभ्यास इंग्रजी नाटकाचा. अमेरिकेचा इतिहास मला चौथीतल्या मुलाइतका ठाऊक. लायब्ररीत एक जाडजूड पुस्तक होतं, त्याची मधली पानं कोणीतरी नेलेली. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न होता, "या चळवळीची ऐतिहासिक पार्श्वभूमी सांगा," सोळा मार्कांचा. आणि सोळा मार्कांच्या प्रश्नाला सहा मुद्दे हवेत अशी आमच्याकडची अलिखित रीत. पाच मुद्दे लिहिले तर उत्तर मुलांना अपुरं वाटतं आणि तपासणाऱ्यालाही.

माझ्याकडे पाच होते. स्वातंत्र्य, अफाट भूमी, कडक धर्माविरुद्धचं बंड, युरोपातलं वारं, आणि गिरण्या-आगगाड्यांची भीती. सहावा सापडेना. उद्या वर्गावर जायचं होतं. तेव्हा मला आठवलं की अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांच्यात मोठं गृहयुद्ध झालं होतं. मी लिहून टाकलं: गृहयुद्धातला रक्तपात पाहून लेखकांची मनं विटली आणि ती निसर्गाकडे वळली. वाचायला किती छान वाटतं बघा. शेवटी ठेवला तर लंगडा दिसेल म्हणून तो पाचव्या जागी घातला. पुढे बघून घेऊ, असं मनात म्हटलं होतं. ते पुढे आलंच नाही. दोन वर्षांत नोट्स मला तोंडपाठ झाल्या, आणि तोंडपाठ झालेली गोष्ट माणूस पुन्हा वाचत नाही.

खरं म्हणजे ते युद्ध चळवळीच्या शेवटाला झालं. ती त्याच्यातून जन्मली नाही, त्याच्यात विझली. तो पाचवा मुद्दा म्हणजे नातवाच्या बारशाला आजोबाचा जन्म.

कॉलेजासमोर झेरॉक्सचं दुकान होतं. माझ्या एका वर्गातल्या हुशार मुलीची वही तिथे पोहोचली आणि तिच्या प्रती निघू लागल्या. "मॅडमच्या नोट्स" काटोलला गेल्या, उमरेडला गेल्या, पारशिवनीला गेल्या. माझ्या वर्गातली मुलं शिकून इतर कॉलेजांत प्राध्यापक झाली आणि त्यांनीही त्याच सांगितल्या. मला अभिमान होता, खोटं कशाला बोलू. बाबा म्हणायचे, बाण्यातली, आडव्या धाग्यातली चूक उसवता येते, ताण्यातली, उभ्या धाग्यातली येत नाही, ती पदरापर्यंत जाते. मी ते साड्यांबद्दल आहे असं समजत राहिले.

निवृत्तीला वर्ष उरलं होतं त्या उन्हाळ्यात मी पेपर तपासणीला मुख्य परीक्षक होते. बाहेरच्यांना सांगायला हवं की ही तपासणी म्हणजे काय असते. एका हॉलमध्ये पन्नास-साठ प्राध्यापक, समोर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, हातात लाल पेन. नाव-नंबर झाकलेला, कोणाचा पेपर कोणाला कळत नाही आणि कळवायचाही नाही. टेबलावर एक कागद असतो, त्यावर प्रत्येक प्रश्नाला कोणते मुद्दे आले तर किती मार्क द्यायचे हे लिहिलेलं. तो कागद मुख्य परीक्षक करतो. म्हणजे तो मीच केला होता, माझ्याच नोट्सवरून. बाहेर नागपूरचं मे महिन्याचं ऊन, आत कूलरमधलं पाणी दुपारीच संपलेलं. डोळा ओळींवरून मुद्दे वेचत जातो, वाचत नाही. स्वातंत्र्य, अर्धी टिक. भूमी, टिक. गृहयुद्ध, टिक.

त्यात एक उत्तरपत्रिका आली, तिच्यात मुद्देच नव्हते. मथळे नाहीत, आकडे नाहीत, सलग तीन पानं. मी थोडी चिडूनच वाचायला घेतली. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं की नोट्समध्ये गृहयुद्ध हे कारण देतात, पण माझ्या मते ते चूक आहे, युद्ध नंतर झालं.

माझ्या मते. बी.ए.ची पोर, आणि तिच्या मते.

मी त्या वाक्याभोवती लाल गोल काढला, आणि त्यावर आणखी एक, शेपटी खाली ओढलेला. ही माझी जुनी खूण. बाबा कापडात दोष दिसला की तिथे रंगीत दोऱ्याच्या दोन गाठी मारून ठेवायचे, तिथून माझ्या हाताला लागलेली. सोळापैकी चार मार्क दिले आणि पुढचा पेपर ओढला. सगळं मिळून चार-पाच मिनिटं गेली असतील.

जुलैमध्ये एक मुलगी घरी आली. बारीक, केसांना घट्ट वेणी, हातात प्लास्टिकची फाइल. पारशिवनीहून बसने आली होती. नाव पल्लवी. तिची मावशी सुनंदा माझी विद्यार्थिनी होती, आता तिकडे अंगणवाडीत होती. आई नसल्याने या मुलीला मावशीनेच वाढवलेलं. मी पाणी दिलं, ती खुर्चीच्या टोकावर बसली.

"मॅडम, मी तीन मार्कांनी नापास झाली. फक्त तुमच्या पेपरात. बाकी सगळ्यात फर्स्ट क्लास आहे."

"आणि बी.एड.चं?"

"त्याची परीक्षा पास झाली. नंबर लागते. पण डिग्री नाही तं प्रवेश नाही. ऑगस्टात शेवटचा राउंड." ती थांबली. "माझी मोठी बहीण गांधीबागेत कापडाच्या दुकानात लागली होती, एका वर्षासाठी म्हणून. सहा वर्षं झाली. यंदा नाही जमलं तं मले बी तिथीच जा लागते. शेठनं जागा धरून ठेवली आहे."

मग तिने फाइलीतून उत्तरपत्रिकेची झेरॉक्स काढली. आता विद्यार्थ्यांना ती मागता येते. "तुम्ही सांगा मॅडम, माझं काय चुकलं?"

झेरॉक्समध्ये लाल शाई काळी होते, पण गोल बदलत नाही. तिसऱ्या पानावर दोन गोल होते, एकावर एक, शेपटी खाली ओढलेली. चष्मा शोधायचं निमित्त करून मी आतल्या खोलीत गेले आणि पलंगाच्या कडेला बसून राहिले. चष्मा माझ्या नाकावरच होता.

बाहेर येऊन मी विचारलं, "हे तुले सांगितलं कोणी? युद्ध नंतर झालं म्हणून?"

"कोणी नाही. शाळेत शिकलो होतो ना, अमेरिकेत लढाई लागली, तिकडचा कापूस बंद झाला, मंग विलायतेच्या गिरण्यांले आपल्याकडचा कापूस पाहिजे झाला, म्हणून इकडं रेल्वे आली. मी कॅलेंडरच्या मागं रेल्वेचं साल लिहिलं, लढाईचं लिहिलं, आणि मंग सगळ्या लेखकांचे जन्म-मृत्यू लिहिले. लढाई लागली तवा काही जण तं मरून बी गेले होते. बाकीच्यांचं मोठं मोठं लिहून झालं होतं. मंग लढाईचं दुःख त्यांनी पहिलेच कसं लिहिलं?"

आमच्या घरात आजोबा सांगायचे, त्यांना त्यांच्या आजोबांनी सांगितलेलं, की अमेरिकेत बंदुका वाजल्या आणि उमरेडात सूत महागलं. ते युद्ध माझ्या घराण्याला सुताच्या भावाने ठाऊक होतं. मी विणकराची मुलगी, मी त्याच्यावर सव्वीस वर्षं नोट्स सांगितल्या आणि एकदाही दोन सालं शेजारी-शेजारी लिहून पाहिली नाहीत.

सांगायला हवं होतं, त्याच क्षणी. मी म्हटलं, "पुनर्मूल्यांकनाले टाक. दुसरा परीक्षक पाहील. नीट वाचंल तो."

ती माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली, असं मला वाटलं. मग "बरं मॅडम" म्हणाली, पाया पडली आणि गेली.

मी स्वतःला पटवलं की मी योग्य तेच केलं. परीक्षकाने आपण परीक्षक आहोत हे सांगायचं नसतं, नियमच आहे. नियम किती उबदार पांघरूण असतं ते त्या पावसाळ्यात कळलं. पुढचे वीस-बावीस दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. त्याच दिवशी कॉलेजच्या लायब्ररीत जाऊन मी सालं तपासली, म्हणजे तिच्या कॅलेंडरवर मला विश्वास नव्हता अशातला भाग नाही, पण कुठेतरी ती चुकली असेल तर किती बरं, अशी हलकट आशा होती. चुकली नव्हती. भाजी दोनदा लागली. वर्गात तोच भाग आला तेव्हा मी चौथ्या मुद्द्यावरून एकदम सहाव्यावर गेले, आणि एका मुलाने हात वर करून सांगितलं, "मॅडम, पाचवा राहिला." त्याच्याकडे झेरॉक्स होती.

लपवलेलं पाप माणसाला आतून खातं, हे मी वर्गात किती रंगवून सांगत असे. मुलं भारावून जायची. खाताना कुरकुर आवाज येतो, हे कोणत्याच पुस्तकात नव्हतं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पल्लवीचा फोन आला. "मॅडम, बदल नाही म्हणून आलं." आवाज सपाट होता. "एक मार्क बी नाही वाढला."

त्यानंतर दोनच दिवसांनी अभ्यासक्रमाच्या एका बैठकीला सुधीर भेटला. काटोलच्या कॉलेजात प्राध्यापक, माझा लाडका विद्यार्थी, गुणी आणि कष्टाळू. चहाच्या वेळी खुर्ची ओढून माझ्याजवळ बसला.

"मॅडम, एक गंमत सांगतो, सांगायची नसते पण तुम्हाला काय. मागच्या आठवड्यात पुनर्मूल्यांकनाले एक पेपर आला. पोरगी लिहून राहिली का नोट्स चुकीच्या आहेत. म्हणजे तुमच्या. मी म्हटलं, वा. आम्ही ज्याच्यावर नोकऱ्या लागलो ते चुकीचं, अन् हे बरोबर. एक मार्क वाढवला नाही."

"सुधीर, तू ती सालं काढून पाहिलीस का?"

"कायले मॅडम?" त्याला खरोखरच कळलं नव्हतं. "तुम्ही सांगितलं होतं ना."

माझ्या हातातला चहा बशीत सांडला. त्याने रुमाल काढून पुसला. दुसरा परीक्षक नीट वाचेल, असं मी त्या मुलीला सांगितलं होतं. आणि आमच्या भागात दुसरा परीक्षक कोणी नव्हताच. जिथे तिथे मीच बसले होते.

त्या दुपारी मी पत्र लिहिलं. उत्तरपत्रिका मी तपासली, मुद्द्यांचा कागद मी केला, त्यातला पाचवा मुद्दा चुकीचा आहे, विद्यार्थिनीचं म्हणणं बरोबर आहे, सोबत आधाराची पानं जोडली आहेत. ते घेऊन परीक्षा विभागात गेले. तिथल्या साहेबांनी पत्र दोनदा वाचलं, दार लोटून घेतलं आणि मला बसायला सांगितलं.

"मॅडम, परीक्षकानं स्वतः येऊन सांगावं का मी चुकली, याची आमच्याकडं फाइलच नाही. कुठं लावू मी हे?"

"नवीन उघडा."

"त्या मुद्द्याचे मार्क किती जणांले दिले असतील तुम्ही?"

"सगळ्यांना."

"मंग त्यांचे कापायचे का?"

"नाही. त्यांनी मी सांगितलं तेच लिहिलं. त्यांचा काय दोष?"

त्यांनी पत्र माझ्याकडे थोडं सरकवलं. वाईट माणूस नव्हते ते. "आठ महिने राहिले तुमचे. कायले अंगावर ओढून घेता? ती पोरगी दिवाळीत पुन्हा पेपर देईल, पास होईल. नाव कोणाचंच येत नाही याच्यात."

मला खरं सांगायचं तर क्षणभर ते पत्र परत घ्यावंसं वाटलं. हात पुढे गेलाही होता. पण आठवली ती बहीण, एका वर्षासाठी गेलेली. मी हात मागे घेतला आणि पत्र मिळाल्याचा आवक शिक्का मारून मागितला.

समिती बसली. तिने दोनदा माझं म्हणणं ऐकलं, आणि पुन्हा-पुन्हा एकच विचारलं, मुलगी नात्यातली आहे का. नाही म्हटलं तरी पटेना, कारण नात्यातली नसेल तर बाई असं करतीलच कशाला. सुधीरने महिनाभर फोन केला नाही. स्टाफरूममध्ये मी शिरले की बोलणं थांबायचं. मला परीक्षेच्या सगळ्या कामांतून कमी केलं, ते योग्यच झालं. पेपर बाहेरच्या विद्यापीठातल्या तज्ज्ञाकडे गेला आणि पल्लवी चांगल्या मार्कांनी पास झाली. निकाल आला तेव्हा बी.एड.चा शेवटचा राउंड संपून चार दिवस झाले होते. पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा देऊन तिने प्रवेश घेतला आणि आता ती शिकवते, हे इथेच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला राहायला नको. माझा राहिला तेवढा पुरे. पण ते वर्ष तिने गांधीबागेत साड्यांच्या घड्या घालण्यात काढलं, आणि ते माझ्या नावावर आहे.

निकाल लागला त्या आठवड्यातल्या रविवारी मी पारशिवनीच्या बसमध्ये बसले. हे फोनवर सांगायचं नव्हतं. रस्ताभर मी वाक्यं जुळवली आणि मोडली. सव्वीस वर्षं बोलण्याचा पगार घेतलेली बाई, आणि तोंडात एक सरळ वाक्य बसेना. सुनंदा अंगणात होती. मला पाहून ती गडबडली, पदर सावरला, आत हाक मारली. पल्लवी दुकानात लागली होती, पण त्या दिवशी सुट्टी म्हणून घरी होती. तिने चटई टाकली. समोरच्या भिंतीवर कॅलेंडर होतं, उलटं लावलेलं, त्यावर बारीक अक्षरात सालं आणि आडवी एक रेघ, रेघेवर आगगाडीचं छोटंसं चित्र.

मी बसले आणि म्हटलं, "पल्लवी, तुझा पेपर मी तपासला होता. ते गोल माझे आहेत."

सुनंदा दारात उभी होती, ती तशीच राहिली. पल्लवी उठली, फळीवरून एक जुनी वही काढली आणि माझ्यापुढे ठेवली. सुनंदाची बी.ए.ची वही. तिच्या एका निबंधात दोन लाल गोल होते, एकावर एक, शेपटी खाली ओढलेली.

"मले माहीत होतं मॅडम," ती म्हणाली. "झेरॉक्स हातात आली त्याच दिवशी ओळखलं. म्हणून तं आली होती तुमच्याकडं."

"मग बोलली काहून नाहीस त्या दिवशी?"

"मले वाटलं तुम्ही सांगाल."

तिच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर मला सोपं गेलं असतं. मी तिथेच, त्या दोघींसमोर रडले. सुनंदा पाणी घेऊन आली. "राहू द्या मॅडम," ती म्हणत होती, "राहू द्या," आणि भाचीकडे डोळे वटारत होती, जसं काही चूक पोरीचीच. पल्लवीने तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

थोड्या वेळाने मी वही उघडली. सहा मुद्दे, सुनंदाच्या गोल अक्षरात, खाली पट्टीच्या रेघा. पाचवा वाचवेना. मी पर्समधून पेन काढलं आणि त्यावर काट मारली. मग खाली बरोबर काय ते लिहावं म्हणून पेन टेकवलं, आणि थांबले. नोट्सची भाषा माझ्या हातात तयार होती, गुळगुळीत, सोळा मार्कांची. तीच पुन्हा उतरली असती.

"तू सांग," मी म्हटलं.

ती गोंधळली. मग उठून कॅलेंडरपाशी गेली, रेघेवर बोट ठेवलं आणि सांगू लागली. एक वाक्य सांगायची, थांबायची. पहिले लेखक, मग लढाई, मग बंद झालेला कापूस, मग आपल्याकडची आगगाडी. चष्म्यावर धुकं आलं होतं, अक्षर वाकडं येत होतं, मी मागे पडत होते. पुढच्या सालावर बोट नेऊन तिने मागे वळून पाहिलं.

"झालं का लिहून, मॅडम?"

"नाही," मी म्हटलं. "थांब जरा."